कोटाच्या खिशातली बाटली

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, आरोपपत्रच ते. मी जीव ओतून अकरावं पुस्तक लिहिलं, छापून आल्यावर पहिली प्रत तुला पाठवली, आणि तू काय केलंस, तर तांदळातले खडे वेचावेत तशा चुका वेचून पाठवल्यास. शेवटची घंटा झाल्यावर मठाचं दार कोणी उघडत नाही. जेवताना कोणी बोलत नाही. एक साधू दुसऱ्याच्या कोठडीत पाऊल टाकत नाही. बरं बाबा. पण मग माझ्या पुस्तकातल्या दारवान साधूने खुनी शोधायचा कसा? बिछान्यात पडून?

तू तीसेक वर्षं खऱ्या मठात राहतोस आणि मी तुमच्या भेटीच्या खोलीपलीकडे कधी आलेली नाही, तरी वाचकांना माझाच मठ खरा वाटतो. याचा तुला राग येतो हे कबूल करून टाक.

परवा प्रकाशक घरी आला होता. माझा चहा प्यायला, माझी बिस्किटं संपवली आणि म्हणाला, ताई, आता साधू पुरे झाला. आठशे वर्षांपूर्वीचा मठ, मेणबत्त्या, घंटा, कोणाला पडलंय त्याचं? एखादी पोलीस अधिकारी आणा, लॅपटॉपवाली. मी म्हटलं, लॅपटॉपवाल्या तुझ्याकडे पैशाला पासरी पडल्यात. तो म्हणाला, विक्री उतरतेय. मी म्हटलं, उतरू दे. अरे, लोक हे का वाचतात तेच त्याला कळलेलं नाही. त्या काळी माणूस मेला की खड्डा खणायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे. राजा मेला तर लढाई, गरीब मेला तर काहीच नाही. आणि अशा काळात मठाच्या दारावर बसणारा एक जाड्या, धाप लागणारा साधू, ज्याला यातून दमडी मिळायची नाही, तो गुडघे धरत खाली वाकतो, मेलेल्याचे बूट बघतो आणि विचारतो, याला मारलं कोणी? बस, एवढ्यासाठी वाचतात. कोणीतरी विचारलं म्हणून.

प्रकाशकाला पटलं नाही. बारावं पुस्तकही दारवानाचंच होणार, हे मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला जाऊन सांगितलं. पंचाईत एवढीच की माझ्याकडे कथानक नाही. तू नुसत्या चुका काढण्यापेक्षा एखादं कथानक सुचव ना.

तुझी,
ठमी

ता. क. तुमचे मोठे, म्हणजे मठप्रमुख, नियमाप्रमाणे हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचतीलच. येणारं वाचतात, जाणारंही वाचतात, डोळे शाबूत कसे राहिलेत कोण जाणे. त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणजे सांगायला नकोच.


२१ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद.

मोठ्यांना नमस्कार पोचला. पत्र माझ्या हातात ठेवताना हसत होते. तुझं अकरावं पुस्तक त्यांनी ‘बघतो जरा’ म्हणून माझ्या टेबलावरून उचललं, ते अजून परत आलेलं नाही. मठाचे प्रमुख ते, मागणार कसं?

चुका मी उगीच काढत नाही. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तुझा दारवान प्रत्येक पुस्तकात प्रमुखांचं ऐकत नाही, नको तिथे नाक खुपसतो, बड्या लोकांना अडचणीत आणतो आणि शेवटच्या प्रकरणात पुन्हा आपल्या कोठडीत येऊन शेगडीपाशी पाय शेकत बसतो. हे कोणत्या मठात चालतं? आम्ही येताना शब्द देतो की प्रमुख सांगतील ते करू. तो मोडला की बाहेरचा रस्ता. माझ्या अंगावरचा झगा मठाचा, बूट मठाचे, चष्मासुद्धा मठाचा. तुझा दारवान शूर आहे, कारण तू त्याच्या पाठीशी आहेस.

इथे सध्या ठोकाठोक चालू आहे. प्रार्थनाघराचं छप्पर गळत होतं, त्याची कौलं बदलतायत. भिंतीला लाकडी परांची बांधलीय आणि तिच्यावर एक कौलवाला दिवसभर चढउतार करतो. माणूस मोठा गमत्या. जिथे आम्ही जेमतेम कुजबुजतो तिथे हा वरून शीळ घालतो. दुपारी माझ्या रुग्णखोलीच्या मागच्या पायरीवर बसून डबा खातो आणि डबा संपेस्तोवर मुलीचं कौतुक सांगतो. रुग्णखोलीची खिडकी कैक हिवाळे नीट लागत नव्हती, ती त्याने कोणी न सांगता तासून दिली. त्याला खोकला झाला म्हणून मी औषध द्यायला गेलो, तर म्हणाला, यात दारू असेल तर नको, बायकोला शब्द दिलाय.

मार्चमध्ये मुख्य मठातून पाहुणे येणार आहेत, त्यामुळे मोठे घाईत असतात. माझ्याकडे कथानक वगैरे काही नाही. इथे काही घडत नाही, म्हणून तर मी इथे राहतो.

तुझा,
दादा


१२ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. तू कथानक मागितलं होतंस, एक सुचलंय. तुझ्याच काळातलं आहे, आठशे वर्षांपूर्वीचं, हे आधीच सांगतो.

एका मठाच्या छपराचं काम चालू असतं. बड्या मठाचे पाहुणे यायचे असतात. आदल्या दिवशी प्रमुख बाहेर येऊन बघतात, तर दर्शनी भिंतीला अजून परांची. म्हणतात, हे ओंगळ दिसतं, उतरवा. कौलवाला म्हणतो, महाराज, कडेची रांग राहिलीय. प्रमुख म्हणतात, शिडीवरून कर. परांची उतरवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कौलवाला शिडीवरून छपरावर जातो आणि खाली फरशीवर पडतो. जागच्या जागी संपतो.

पाहुणे थोड्याच वेळात पोचणार असतात. वैद्य येतो, तोवर कौलवाल्याच्या कोटाला दारूचा भपकारा येत असतो आणि खिशात अर्धी भरलेली काचेची बाटली सापडते. वैद्य लिहून देतो की प्यायलेला होता, तोल गेला. शिपाई येतात, तेही तेच लिहितात. सगळं आटोपतं.

त्या मठात मेलेल्याला धुऊन-पुसून घरच्यांच्या हवाली करायची रीत असते. ते काम रुग्णखोलीतल्या साधूकडे. तो त्याच्या तोंडाशी वाकतो, केस धुतो, सदरा उतरवतो. कशालाच वास नसतो. वास फक्त कोटाला. साधू हे प्रमुखांना सांगतो. प्रमुख म्हणतात, तुझं काम धुण्याचं. या विषयावर पुन्हा बोलायचं नाही, ही आज्ञा समज.

कौलवाल्याची बायको रोज फाटकाशी येऊन उभी राहते.

तुझा दारवान इथे काय करेल? लवकर कळव.

तुझा,
दादा


२३ मार्च

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

अरे, छुपा रुस्तम निघालास की. मी इथे डोकं खाजवत बसले होते आणि तू तिथे बसून अख्खं कथानक रचलंस. मेलेल्याला धुताना सुगावा लागतो ही कल्पना मला फार आवडली, ती मी घेणार.

पण आता बहीण म्हणून नाही, या धंद्यात मुरलेली बाई म्हणून बोलते, राग मानू नकोस. तुझ्या गोष्टीत गुन्हेगार पहिल्याच पानावर कळतो. प्रमुखांशिवाय कोणाचा फायदाच नाही. आणि फायदा तरी कसला, तर पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये? एवढ्यासाठी कोणी मेलेल्या माणसावर दारू ओततं का? वाचक म्हणेल, काहीतरीच. एखादं मृत्युपत्र घाल, जमिनीचा वाद घाल.

दुसरी चूक त्याहून मोठी. माणूस प्रार्थनाघराच्या छपरावरून फरशीवर पडतो, जागच्या जागी मरतो, आणि त्याच्या खिशातली काचेची बाटली शाबूत? अरे, माझ्या ओट्यावरून बाटली पडली तरी चुरा होतो आणि मी आठवडाभर काचा वेचते. ती बाटली तो पडल्यावर खिशात ठेवलेली आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. गुन्हेगाराची चूक म्हणून ते झकास आहे, पण मग ती कोणाच्या तरी लक्षात यायला हवी. तुझ्या गोष्टीत वैद्य बघतो, शिपाई बघतात, साधू बघतो, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडत नाही. हे भोक बुजव.

आणि तो रुग्णखोलीतला साधू. त्याला माहीत आहे आणि तो गप्प. प्रमुख रागावले म्हणून गप्प. असला मिळमिळीत माणूस वाचकाला चालत नाही. दारवान असल्यावर त्याची गरजही नाही. त्याला गोष्टीतून काढून टाक.

बाकी तुझी तब्येत कशी? पाहुणे आले-गेले का? तुझ्या त्या शीळ घालणाऱ्या कौलवाल्याचं काम संपलं असेल. खिडकी नीट लागते ना?

तुझी,
ठमी


१४ एप्रिल

ठमे,

हे पत्र मोठ्यांनी वाचलेलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईच्या हाती देतोय, ती पेटीत टाकेल. नियम मोडायची माझी ही पहिलीच वेळ.

खिडकी नीट लागते. ती तासून देणारा माणूस मेला. स्वतःला एवढी हुशार समजतेस आणि तुला इतकं कळलं नाही? आठशे वर्षांपूर्वीचं असं मी मुद्दाम लिहिलं, कारण दुसऱ्या कोणत्याही वेषात ते पत्र इथून बाहेर पडलं नसतं. मोठ्यांनी वाचलं आणि जाऊ दिलं. अडवलं असतं, तर का अडवलं ते सांगावं लागलं असतं.

तुझं उत्तर मात्र त्यांनी बरेच दिवस ठेवून घेतलं. मग मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र उघडं होतं. म्हणाले, तुझ्या बहिणीला दुसरं काहीतरी लिहायला सांग. मी ते तिथेच उभ्याने वाचलं. बाटलीच्या ओळीपाशी आलो आणि तीच ओळ पुन्हा वाचली. वैद्यांनी बघून परत खिशात सारलेली ती बाटली मीच बाहेर काढून शिपायांना दिली होती. काचेला साधी चीरसुद्धा नव्हती. मी ती हातात धरली होती, ठमे, आणि मला काही दिसलं नव्हतं.

मी मोठ्यांना विचारलं, बाटली फुटली कशी नाही? त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, ‘माणूस तर गेलाच आहे, मठ तरी राहू दे.’ पाहुण्यांसाठीच्या कपाटात तसल्याच बाटल्या असतात आणि त्याची किल्ली मोठ्यांच्या कमरेला. बाटली तिथली आहे का, हेही विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. वाईट माणूस नाही गं तो. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिलेला माणूस आहे. तू लिहितेस, एवढ्या कारणासाठी कोणी असं करत नाही. करतात. त्याला मृत्युपत्र लागत नाही नि जमीन लागत नाही. परांची उतरवायला कोणी सांगितली, हे पाहुण्यांसमोर कोणी विचारू नये, एवढं पुरतं.

कौलवाल्याची बायको मला एकच विचारते, ते प्यायले होते का? बाकी काही मागत नाही. तिच्या गल्लीत बायका तिला तोंडावर म्हणतात, शब्द दिला होता ना त्याने तुला? मुलगी बाहेर खेळायला जाईनाशी झालीय. आज तिने पुन्हा विचारलं आणि मी म्हणालो, विचारून सांगतो. कोणाला विचारणार होतो मी?

त्या साधूला गोष्टीतून काढून टाक म्हणतेस. त्याचीही तीच इच्छा आहे. पण तो इथेच राहतो आणि त्याला दुसरं घर नाही.

दादा


२० एप्रिल

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

तू सुचवलेलं कथानक मी पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी डोळ्यांना झापडं लावून वाचलं होतं, असं आता वाटतं. माझ्या सगळ्या सूचना मागे घेते. मृत्युपत्र नको, जमीन नको. रुग्णखोलीतल्या साधूला मी मिळमिळीत म्हटलं, त्याबद्दल कान धरलेत, त्याला सांग. तो कुठेही जात नाही. तोच या गोष्टीचा नायक आणि दारवानाला मी या पुस्तकापुरती रजा दिली आहे.

प्रकाशकाला फोन केला. तो म्हणाला, दारवान नाही तर पुस्तक कोण घेईल? मी म्हटलं, तू नाही छापलंस तर दुसरा छापेल, दुसऱ्याने नाही छापलं तर मी स्वतः छापून नाक्यावर उभी राहून विकीन. त्याने लगेच विचारलं, हस्तलिखित कधी देताय? बहुतेक त्याला ते डोळ्यांसमोर दिसलं.

प्रमुखांचं पात्र मला अवघड जातंय. त्यांना नुसतं काळं रंगवलं तर तुला आवडायचं नाही आणि खरंही होणार नाही. म्हणून मी त्यांना एक संधी देणार आहे. त्यांनी आपल्या पायांनी शिपायांकडे जावं आणि सांगावं, परांची मी उतरवायला लावली, बाटली मी ठेवली. ते गेले तर मी हे पुस्तक लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही उरत नाही. महिनाअखेरपर्यंत थांबते. नाही गेले, तर बाटलीवरच्या लेबलापर्यंत सगळं जसंच्या तसं लिहीन आणि अर्पणपत्रिकेत त्यांचाच उल्लेख करीन. तुमच्या मोठ्यांना माझी पुस्तकं आवडतात, त्यांचं यावर काय मत पडतं ते जरूर विचार.

राहिला साधू. त्याने काय करावं हे मला लिहिता येत नाही. दारवानाला मी खुशाल विस्तवावरून चालवते, कारण शेवटी त्याला घरी आणणं माझ्या हातात असतं. याला परत मठात नेऊन बसवणं माझ्या हातात नाही. म्हणून मी त्याला बोल असं म्हणणार नाही आणि गप्प राहा असंही म्हणणार नाही.

मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलंय. हे गोष्टीतलं नाही, घरातलं आहे.

तुझी,
ठमी


४ मे

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावर निराळा पत्ता बघून दचकली असशील. मी शहरात आहे. चौकीच्या मागच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या घरी वरची खोली मिळालीय. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं अंघोळ-औषध मी बघतो आणि ती मला राहू देते.

तुझं पत्र मोठ्यांनी आलं त्याच दिवशी माझ्या हातात ठेवलं. तू त्यांना मुदत दिलीस, म्हटलं आपणही ती पाळू. महिना संपला. ते गेले नाहीत.

जेवताना वाचायची पाळी या आठवड्यात माझी होती. आमच्याकडे सगळे गप्प जेवतात आणि एकजण कोपऱ्यातल्या उंच चौथऱ्यावर उभा राहून वाचतो. त्याला कोणी मध्ये तोडायचं नाही असा नियम आहे. फक्त प्रमुखांच्या ताटाशेजारी छोटी घंटा असते, ती वाजली की थांबायचं. संयमावरचा एक जाडजूड ग्रंथ लावलेला होता. मी तो उघडला, खूण होती तिथे बोट ठेवलं आणि म्हणालो, ‘आपल्या छपरावरून पडलेला माणूस प्यायलेला नव्हता.’

चमचे थांबले. मोठ्यांनी घंटा वाजवली. मी पुढे बोललो. कोट, केस, बाटली, कपाटाची किल्ली, परांची. त्यांनी पुन्हा वाजवली. ती घंटा एका जेवणात दुसऱ्यांदा वाजलेली आमच्यातल्या कोणी ऐकली नव्हती. मी थांबलो नाही. भीती वाटत होती, नाही असं नाही, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. स्वतःचा राग, त्यांचा राग, त्या शाबूत बाटलीचा राग. तू लहानपणी म्हणायचीस, दादा चिडला की कोंबडा आरवतो, तसाच आवाज लागला. शेवटी मोठे घंटा हातात धरून नुसते बसून राहिले. सगळ्यांचं सूप गार झालं आणि मी ग्रंथ मिटून खाली उतरलो.

संध्याकाळच्या आत निघायला सांगितलं. झगा परत केला. बूट दिले नाहीत. म्हटलं, यांच्यावरूनच चौकीत जायचंय, काम झालं की पाठवतो. आमच्या स्वयंपाक्याने त्याचा जुना कोट आणून दिला, माझ्यासारखे दोघे मावतील एवढा. मला पोचवायला फाटकापर्यंत आला आणि तिथून मागे फिरलाच नाही, बरोबर चौकीपर्यंत चालत आला. परांची उतरवायला सांगितली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत होता, त्याने सगळं ऐकलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. त्यालाही गप्प राहायची आज्ञा होती आणि मला वाटत होतं, मी एकटाच.

चौकीतला अधिकारी वैतागला. प्रकरण मिटलंय म्हणाला, तुम्ही साधू लोक, देवाचं बघा. मी म्हटलं, लिहून घ्या, त्याशिवाय आम्ही उठत नाही, आम्हाला बसायची सवय आहे. दिवे लागले तेव्हा त्याने कागद पुढे ओढला. मग जप्तीच्या कपाटातून ती बाटली मागवली, टेबलावर आडवी-उभी करून बघितली आणि खुर्चीत नीट सरसावून बसला.

आता मोठ्यांना बोलावणं जाईल.

तुझा,
दादा


९ मे

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग हसले. शेजारीण बेल वाजवून विचारून गेली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, आमचा दादा आरवला.

आता हट्ट पुरे. ताबडतोब निघ. गादी उन्हात घातली आहे. त्या अवाढव्य कोटात तू कसा दिसतोस ते मला बघायचंय. साक्षीला बोलावतील तेव्हा इथूनही जाता येईल.

पुस्तकाची तीन प्रकरणं झाली. नायक माझं काडीचं ऐकत नाही. प्रकाशक रोज फोन करून विचारतो, पुढे काय होतं? मी सांगते, मला माहीत नाही, त्याचं पत्र अजून आलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. तू चौकीत सांगितलंस, मठात सांगितलंस, मला सांगितलंस. त्या बाईला सांगितलंस का?

तुझी,
ठमी


३० मे

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद.

मोठे आले होते. अधिकाऱ्याने विचारलं आणि त्यांनी सगळं कबूल केलं, मान खाली न घालता. बाहेर आल्यावर माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि चालू लागले. जुनी नोंद खोडून नवी झाली. मृत्यूच्या वेळी दारूच्या अमलाखाली नव्हता, असा शिक्क्याचा कागद मिळाला. परांचीचं प्रकरण आता कोर्टात जाणार. तोवर मी इथेच राहतो, तुझ्याकडे नंतर येईन. परत घ्या असा अर्ज केलास तर विचार होईल, असा मठातून निरोप आला. अर्जात चुकलो असं लिहावं लागतं, म्हणून मी तो करणार नाही. बूट पाठवून दिले.

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. तिला मी अजून सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, हातात कागद पडला की जाऊ, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. काल कागद घेऊन गेलो. तिने तो दारातच वाचला, पुन्हा वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

म्हणाली, ‘हा आमच्या गल्लीत कोण वाचणार? ते प्यायले होते हे काही कागदावरून पसरलं नाही, बाबा. तोंडातोंडी पसरलं. तुम्ही तोंडाने सांगा.’

चपला घालून ती माझ्यापुढे निघालीच. माणसं कामावरून परतायची वेळ होती. गल्ली अरुंद, दोन्हीकडे उंच घरं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. किराणा दुकानासमोर तिने मला पायरीवर उभं केलं. मुलगी तिच्या मागे दडून उभी होती. लोक बघायला लागले, हा कोण ढगळ कोटातला माणूस म्हणून. चौथऱ्यावर उभं राहून वाचणं वेगळं, समोर हातात पुस्तक असतं. इथे हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

मी म्हणालो, ‘हिचा नवरा प्यायलेला नव्हता. मी त्याला माझ्या हातांनी धुतलंय.’

दुकानदार वजन करता करता थांबला. एक-दोन खिडक्या उघडल्या. झालं असं समजून मी खाली उतरायला लागलो, तर तिने माझी बाही धरली. वर तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी कानाशी हात धरून वाकली होती.

‘त्यांना ऐकू आलं नाही,’ ती म्हणाली. ‘पुन्हा सांगा.’

मी पुन्हा सांगितलं, आरवल्यासारखं. सांगून होईपर्यंत मुलगी आईच्या मागून निघून पुढच्या घराचं दार वाजवायला लागली होती.

तुझा,
दादा